गुरुवारची थंडी : डायलिसिस कॅथेटरमधून रक्तात शिरलेल्या संसर्गाचे एक प्रकरण

हे प्रकरण दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराचे आहे. रुग्णाची ओळख पटू नये एवढ्यापुरते काही तपशील बदलले आहेत, वैद्यकीय घटनाक्रम मात्र तसाच ठेवला आहे. मी नाशिक शहरातील एका डायलिसिस केंद्रात मूत्रपिंडविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि या रुग्णाला झालेला संसर्ग आमच्याच केंद्रात, आमच्याच हातून झाला असावा, अशा निष्कर्षाप्रत मी आलो आहे. तो निष्कर्ष कसा निघाला, हे सविस्तर लिहिण्याची गरज वाटते, कारण सुरुवातीला आम्ही सर्वांनी दोष दुसरीकडेच शोधला होता.

रुग्णाचे वय ५४, मधुमेह चौदा वर्षांचा. जानेवारीतील एका रात्री त्यांना धाप लागलेल्या अवस्थेत आणले गेले. पायांवर सूज होती, मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तात साठणारे क्रिएटिनिन ९.८ आणि पोटॅशियम ६.७ होते. तासाभरात मानेच्या उजव्या बाजूच्या शिरेत तात्पुरता कॅथेटर, म्हणजे रक्त काढण्या-सोडण्याची नळी, घालून डायलिसिस सुरू करावे लागले. अशा तात्पुरत्या कॅथेटरवर दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ विसंबू नये, असा संकेत असल्याने दहाव्या दिवशी तो काढून त्वचेखालून बोगदा करून बसवला जाणारा, कफ (नळीभोवतीचा छोटा पट्टा) असलेला कॅथेटर घातला. या कफभोवती काही आठवड्यांत ऊती वाढतात आणि त्वचेवरचे जंतू नळीच्या बाहेरच्या अंगाने आत सरकू नयेत म्हणून एक बांध तयार होतो. मात्र हा बांध नळीच्या बाहेरच्या वाटेपुरताच असतो. नळीच्या पोकळीतून जाणारी आतली वाट तशीच उघडी राहते आणि ती प्रत्येक डायलिसिसला दोनदा, जोडताना आणि सोडताना, आपणच उघडतो.

कॅथेटर हा पूल आहे, मुक्कामाची जागा फिस्टुला, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितले होते. धमनी आणि शीर एकमेकींना जोडून फिस्टुला तयार करण्याची रीत १९६६ मध्ये न्यू यॉर्कमधील ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली, आणि रक्तातील संसर्गाचा धोका सर्वांत कमी ठेवणारा मार्ग म्हणून तिची जागा आजही कोणी घेतलेली नाही. परंतु या रुग्णाच्या डाव्या हाताच्या पुढच्या भागातील शीर दोरीसारखी कडक झालेली होती. वर्षभरापूर्वी दुसऱ्या एका रुग्णालयात न्यूमोनियासाठी दाखल असताना तिथेच सलाईनच्या सुया लागल्या होत्या. त्या वेळी त्यांचे क्रिएटिनिन ४ च्या पुढे होते. म्हणजे हा हात पुढे लागणार आहे, हे तेव्हाच दिसत होते, आणि सुई हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला लावली असती तर ती शीर वाचली असती. डॉपलर तपासणीत दंडातील शीर चांगली निघाली आणि फेब्रुवारीतील तारीख ठरली.

ती तारीख टळली. बाग काढणीला आली होती, व्यापाऱ्याशी सौदा झाला होता आणि घरातील दुसरा कर्ता माणूस एकटा पडत होता. मार्चची तारीखही अशीच गेली. एप्रिलमध्ये खरड छाटणी सुरू झाली. द्राक्ष उत्पादकाच्या वर्षात शस्त्रक्रियेसाठी मोकळा महिना सहज सापडत नाही, हे मला मान्य आहे. परंतु या दिरंगाईचा भार मी केवळ त्यांच्यावर टाकणार नाही. कॅथेटर घालून किती दिवस झाले आणि फिस्टुलाचे काय झाले, हे लिहिण्यासाठी आमच्या नोंदवहीत रकानाच नव्हता. कॅथेटर उत्तम चालत होता, रक्ताचा प्रवाह मिनिटाला ३०० मिलिलिटरच्या वर मिळत होता, आणि चांगला चालणारा कॅथेटर रुग्णाला, टेक्निशियनला आणि डॉक्टरलाही निर्धास्त करतो. अशा निर्धास्तपणात चार महिने गेले.

मे महिन्यातील एका सोमवारी डायलिसिस सुरू होऊन चाळीस मिनिटे झाली असताना त्यांना जोराची हुडहुडी भरली. अंगावर दोन घोंगड्या टाकूनही दात वाजत होते. ताप १०३ वर गेला आणि रक्तदाब ९० वर उतरला. मी खुर्चीपाशी पोहोचलो तेव्हा ते थरथरत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गुरुवारीपण अशीच थंडी वाजली होती. दादांनी सुई दिली, मग बरं वाटलं."

मी गुरुवारची नोंद काढून पाहिली. तीत एकच ओळ होती : थंडी वाजली, ॲव्हिल व हायड्रोकॉर्टिसोन दिले, आराम पडला. तापमान लिहिलेले नव्हते, रक्त कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का हे पाहायला, पाठवलेले नव्हते आणि मला फोनही झालेला नव्हता. या एका ओळीवर मी अधिक काळ थांबणार आहे, कारण अशी ओळ केवळ आमच्याच वहीत नसेल. डायलिसिस करताना थंडी वाजली की ती 'रिॲक्शन' आहे असे धरून ॲलर्जीची इंजेक्शने द्यायची, ही सवय मी शिकाऊ डॉक्टर होतो तेव्हापासून पाहत आलो आहे. तिला एक कारण आहे. पाण्यातील किंवा डायलायझरमधील (रक्त गाळणाऱ्या भागातील) जिवाणूजन्य विषांमुळे थंडी-ताप येऊ शकतो, हे खरे आहे. पण तसे असेल तर बहुधा त्याच पाळीतील इतर रुग्णांनाही त्रास होतो. एकाच रुग्णाला, आणि तोही कॅथेटर असलेल्या रुग्णाला, मशीन सुरू झाल्यानंतर थंडी वाजून आली, तर नळीच्या आतल्या भिंतीवर साचलेल्या जंतूंच्या थरातून जंतू सुटून रक्तात गेले आहेत, असेच प्रथम समजले पाहिजे. हा थर ज्या वेगाने रक्त त्याच्यावरून धावते त्या वेगाने खरवडला जातो, म्हणून ताप घरी दिसत नाही आणि खुर्चीवर बसल्यावर येतो. हायड्रोकॉर्टिसोनने थंडी थांबते. जंतू थांबत नाहीत. गुरुवार ते सोमवार हे चार दिवस आम्ही गमावले.

सोमवारी प्रतिजैविक देण्यापूर्वी कल्चरचे दोन संच घेतले, एक डायलिसिसच्या नळीतून आणि दुसरा हाताच्या पंजामागच्या शिरेतून, प्रत्येक बाटलीत पुरेसे रक्त भरून. घाईत दोन-तीन मिलिलिटर रक्त घालून पाठवलेली बाटली बहुतेकदा रिकामी परत येते आणि 'कल्चर निगेटिव्ह' या शब्दांनी सर्वांची दिशाभूल करते. त्यानंतर वजनानुसार व्हँकोमायसिन आणि जोडीला सेफ्टाझिडीम सुरू केले. त्या पाळीतील अन्य कोणालाही ताप नव्हता. आरओ प्रकल्पाच्या पाण्याचा नमुनाही पाठवला आणि तो पुढे मर्यादेत आला.

मंगळवारी सकाळी दोन्ही बाटल्यांत वाढ दिसली आणि सूक्ष्मदर्शकाखाली घोसांनी असलेले ग्रॅम-पॉझिटिव्ह कोकाय, म्हणजे गोल आकाराचे जंतू, आढळले. नळीतून घेतलेली बाटली दुसरीच्या तीन तास आधी पॉझिटिव्ह झाली होती. हा फरक दोन तासांहून अधिक असला की जंतूंचे घर कॅथेटरमध्येच आहे, याला मोठा आधार मिळतो. त्याच दुपारी कॅथेटर काढला. अंतिम अहवालात स्टॅफिलोकोकस ऑरियस निघाला, मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद देणारा. हा जंतू असताना कॅथेटर जागेवर ठेवून औषधांवर भागवण्याचा मोह टाळावा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. व्हँकोमायसिन थांबवून सेफाझोलिन सुरू केले. या प्रकारच्या जंतूवर ते अधिक प्रभावी आहे आणि डायलिसिस संपताना देता येत असल्यामुळे रुग्णाला रोज सुई टोचावी लागत नाही. दरम्यान डायलिसिस आठवड्यातून दोनऐवजी तीन वेळा केले. गुरुवारी जांघेतून तात्पुरता कॅथेटर घातला, त्या दिवशीच्या कल्चरमध्ये तीन दिवस वाढ न झाल्याची खात्री केली आणि पुढच्या सोमवारी नवा बोगद्याचा कॅथेटर बसवून जांघेतील काढून टाकला.

याच आठवड्यात केंद्रात कारणाचा शोध सुरू झाला आणि तो दोन दिवसांत संपलाही. आमच्या एका अनुभवी सिस्टरांनी मला सांगितले, "सर, काका मागच्या आठवड्यात त्र्यंबकला कुशावर्तावर जाऊन आलेत. मग ताप येणारच." सर्वांना ते पटले. नळी भिजवू नका, असे आम्ही प्रत्येक रुग्णाला सांगतो, आणि तीर्थावर जाऊन आलेला माणूस भिजलाच असणार, असे गृहीत धरणे सोपे होते. मलाही ते क्षणभर पटले, हे नमूद केले पाहिजे. मी रुग्णाच्या पत्नीला विचारले, तेव्हा त्या काहीशा दुखावल्या सुरात म्हणाल्या, "डुबकी नाही मारू दिली हो मी. मानेत नळी आहे ना. तांब्यानं पाय धुतले नि बाहेर आले."

त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवण्यासाठी वैद्यकीय पुरावाही होता. दूषित पाणी कॅथेटरच्या तोंडाशी शिरले असते तर नळी त्वचेतून जिथे बाहेर येते तिथे लाली, पू, दुखरेपणा किंवा बोगद्याच्या वाटेवर सूज दिसण्याची शक्यता अधिक होती. ती जागा स्वच्छ आणि कोरडी होती. शिवाय साठलेल्या पाण्यातून येणारे जंतू बहुधा स्युडोमोनाससारखे ग्रॅम-निगेटिव्ह असतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस माणसाच्या त्वचेवर आणि नाकात राहतो, साधारणपणे दर तीन माणसांपैकी एकाच्या नाकात तो केव्हाही सापडतो. बाहेरची वाट स्वच्छ, आतली भिंत दूषित आणि जंतू माणसाच्या हाता-नाकातला, या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की बोट कॅथेटरच्या टोकाकडे, म्हणजे हबकडे जाते. हब रुग्ण कधीच उघडत नाही.

त्यानंतर तीन दिवस मी सकाळी अकराच्या सुमारास, पहिली पाळी संपून दुसरी बसवण्याच्या वेळी, एका कोपऱ्यात उभा राहून फक्त पाहिले. त्या अर्ध्या तासात एका टेक्निशियनकडे चार-पाच खुर्च्या असतात. मशीनचे अलार्म वाजत असतात, नातेवाईक वजनाच्या काट्यापाशी उभे असतात, गावाकडची एसटी पकडायची म्हणून कोणीतरी घाई करत असतो. मी पाहिले ते असे. हातमोजे घातलेला हात मशीनच्या पडद्याला लागत होता आणि त्याच हातमोज्याने पुढच्या क्षणी कॅथेटरची टोपी उघडली जात होती. बीटाडिनमध्ये बुडवलेल्या गॉजने हबवर एकच फेरी मारली जात होती आणि ते ओले असतानाच सिरिंज जोडली जात होती. बीटाडिनमधील पोव्हिडोन आयोडीनला काम करायला काही मिनिटे लागतात, हे कोणाला माहीत नव्हते असे नाही, पण ती मिनिटे त्या गर्दीत मिळत नव्हती. लाल आणि निळे अशी दोन्ही टोके एकाच वेळी उघडून ठेवलेली असत. मास्क टेक्निशियनच्या हनुवटीवर आणि रुग्णाला मुळीच नसे, आणि रुग्ण मान वळवून शेजाऱ्याशी बोलत असे, म्हणजे त्याचा श्वास थेट उघड्या टोकावर येत असे. वर पंखा फिरत होता. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची एकच बाटली ट्रॉलीवरून खुर्चीखुर्चीपाशी नेली जात होती आणि तिच्यातून एकामागून एक रुग्णांसाठी औषध काढले जात होते.

हे लोक निष्काळजी नाहीत, हे आवर्जून सांगतो. त्यांच्यापैकी काहींनी मध्यरात्री येऊन रुग्ण वाचवलेले आहेत. त्यांना योग्य पद्धत कोणी एकदा दाखवली होती, पण ती करताना कोणी पुन्हा पाहिलेले नव्हते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने डायलिसिस केंद्रांसाठी सुचवलेल्या मूलभूत उपायांत हातांच्या स्वच्छतेचे आणि कॅथेटर हाताळणीचे प्रत्यक्ष निरीक्षण स्वतंत्रपणे नमूद केले आहे. माझ्या मते त्या यादीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय हाच आहे.

बदल आम्ही हबपासून सुरू केले. टोपी काढल्यावर अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्झिडीनच्या नव्या पॅडने हबचे तोंड आणि बाजूचे आटे किमान पंधरा सेकंद घासायचे, आट्यांत अडकलेले वाळलेले रक्त निघेपर्यंत घासायचे, मग ते टोक कशालाही न टेकवता हातात धरून हवेत सुकू द्यायचे आणि त्यानंतरच सिरिंज जोडायची. दुसऱ्या टोकासाठी वेगळा पॅड. एक टोक जोडले जाईपर्यंत दुसरे उघडायचे नाही. हे सारे डायलिसिस जोडताना जसे करायचे तसेच सोडतानाही. सोडण्याच्या वेळी माणूस थकलेला असतो आणि चूक तिथे अधिक होते. अल्कोहोल सर्व कॅथेटरांना चालते असे नाही, पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचे काही प्रकार त्याने ठिसूळ होतात, म्हणून आम्ही वापरतो त्या कॅथेटरची निर्मात्याची सूचना आधी वाचून घेतली. उत्साहाच्या भरात हे राहून जाते.

कॅथेटर उघडा असताना रुग्ण आणि टेक्निशियन दोघांनाही मास्क आणि त्या खुर्चीवरचा पंखा बंद, हे दोन नियम मे महिन्याच्या उकाड्यात रुग्णांना जड गेले. पण कारण सांगितल्यावर त्यांनीच ते पाळून घेतले. इतके की एखादा टेक्निशियन विसरला तर शेजारच्या खुर्चीवरून आठवण येऊ लागली. हेपरिन आता वेगळ्या खोलीत, प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र सिरिंजमध्ये भरून आणले जाते. ट्रॉली हॉलमधून काढून टाकली. दोन पाळ्यांमधील वेळ वीस मिनिटांनी वाढवावा लागला आणि त्यासाठी व्यवस्थापनाशी झालेली चर्चा सोपी नव्हती. सेकंदांत सांगितलेला नियम मिनिटांची सोय केल्याशिवाय पाळला जात नाही, हे तिथे मांडावे लागले.

ड्रेसिंगविषयी या रुग्णाने आम्हाला एक गोष्ट शिकवली. फवारणीच्या दिवसांत घामाने आणि औषधाच्या तुषारांनी पट्टी ओली होऊ नये म्हणून घरी तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली जात असे. पिशवीखाली घाम साचून त्वचा उबत होती. हेतू चांगला, परिणाम उलट. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवस ठेवता येते आणि आतली जागा पाहता येते, म्हणून आम्ही तेच पसंत करत होतो. परंतु ज्याला भरपूर घाम येतो त्याच्यासाठी गॉजचे ड्रेसिंग बरे, आणि ते प्रत्येक डायलिसिसला बदलले पाहिजे. शेतात काम करणाऱ्या आमच्या सर्व रुग्णांचे उन्हाळ्यातील ड्रेसिंग तेव्हापासून गॉजचे आहे. पट्टी ओली झाली तर पुढच्या पाळीची वाट न पाहता त्याच दिवशी येऊन बदलून घ्यायची, त्याचे पैसे नाहीत, असे प्रत्येकाला सांगितले आहे.

नळी बंद करताना तिच्यात भरायच्या द्रावणाचा प्रश्न सहकाऱ्यांनी अनेकदा विचारला, म्हणून थोडक्यात लिहितो. हेपरिन रक्त गोठू देत नाही, जंतूंना ते अडवत नाही. जंतुरोधक टॉरोलिडीन आणि हेपरिनच्या मिश्रणाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि ज्या चाचणीवर ती आधारलेली होती तिच्यात केवळ हेपरिनच्या तुलनेत संसर्गाचा धोका ७१ टक्क्यांनी कमी झाला होता. फरक मोठा आहे. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि फिस्टुलाची शक्यता उरलेली नाही अशा रुग्णासाठी जंतुरोधक द्रावणाचा विचार जरूर करावा. परंतु ज्या केंद्रात हब पंधरा सेकंद घासला जात नाही, तिथे महागडे द्रावण आणण्यापासून सुरुवात करणे मला उचित वाटत नाही.

रुग्णाची कथा मात्र नव्या कॅथेटरपाशी संपली नाही. उपचारांच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी कंबर दुखत असल्याचे सांगितले, आणि हेही सांगितले की ती आधीपासूनच दुखत होती, पण छाटणीमुळे असेल म्हणून ते बोलले नव्हते. स्टॅफिलोकोकस ऑरियस रक्तातून मणक्यात आणि हृदयाच्या झडपांवर जाऊन बसतो. म्हणून हा जंतू निघालेल्या प्रत्येक रुग्णाला 'पाठ दुखते का' हा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारला पाहिजे. मी तो विचारला नव्हता. एमआरआयमध्ये कमरेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यांमधील चकतीत संसर्ग दिसला. अन्ननलिकेतून केलेल्या इकोमध्ये झडपा स्वच्छ होत्या, हे सुदैव. सेफाझोलिन आठ आठवडे द्यावे लागले. त्या हंगामात ते बागेत उभे राहू शकले नाहीत आणि फवारणीसाठी मजूर लावावे लागले. गुरुवारी कल्चर घेतले असते तर मणक्यापर्यंत हे पोहोचले नसते, असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. चार दिवस आधी उपचार सुरू झाले असते, एवढे खात्रीने म्हणू शकतो.

जुलैच्या अखेरीस, संसर्ग पूर्ण आटोक्यात आल्यावर, डाव्या दंडात फिस्टुला झाला. या वेळी तारीख ठरवताना आम्ही त्यांच्यासमोर कॅलेंडर ठेवले आणि गोडी छाटणीच्या, म्हणजे फळांसाठी केल्या जाणाऱ्या छाटणीच्या, आधी शीर तयार होईल असा मागचा हिशेब मांडला. नोंदवहीत आता प्रत्येक कॅथेटरधारकाच्या नावापुढे कॅथेटरचा दिवस कितवा, हा आकडा लिहिला जातो आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी फिस्टुलाची स्थिती विचारली जाते. थंडी वाजली तर आधी तापमान, मग कल्चर, मग डॉक्टरला फोन, आणि त्यानंतरच इंजेक्शन, हा क्रम मशीनवर चिकटवला आहे. ज्या तंत्रज्ञाने गुरुवारी ॲव्हिल दिले होते, त्यानेच तो स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला फिस्टुलात सुया लावायला सुरुवात झाली. सलग तीन डायलिसिस दोन्ही सुयांवर पुरेशा प्रवाहाने पार पडल्यावर मानेतील कॅथेटर काढला. जखम भरून आल्यानंतरच्या सोमवारी ते आले तेव्हा त्यांचे केस ओले होते. जानेवारीनंतर आज पहिल्यांदा डोक्यावरून पाणी घेतले, असे त्यांच्या पत्नीने सिस्टरांना सांगितले.